जवारी खाल्ली की गहू? माणूस मेल्यावर तीन हजार वर्षांनीही हाडं सांगतात

प्रत्येक गावाला दोन माती असतात. एक काळी, म्हणजे शेतीची. दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख, शेण, चुना, हाडकं, फुटकी मडकी सगळं तिथंच जिरत गेलं, त्यातून ही पांढरी तयार झाली. माळवदाच्या घरावर टाकायला तिच्यासारखी माती नाही, हे जुन्या माणसांना माहीत आहे. म्हणून ओढ्याकाठचं, नदीकाठचं पांढरीचं टेकाड दिसलं की आधी बैलगाडी लागायची, आता ट्रॅक्टर आणि जेसीबी लागतो.

या मातीत कधी खापरं निघतात, कधी मणी, कधी हाडं. खापरं बाजूला फेकली जातात. हाडं निघाली की कुणी म्हणतं जुनं मसणवटं असेल, कुणी म्हणतं राक्षसाची असतील, आणि पुढची बकेट भरली जाते.

त्या हाडांमध्ये एक हिशेबाची वही असते. तो माणूस जवारी-बाजरी खाऊन जगला की गहू-तांदूळ, मटण-मासे किती खायचा, लहानपणी आईचं दूध कधी सुटलं, याचा अंदाज आता प्रयोगशाळेत काढता येतो. आपल्या महाराष्ट्रातल्याच एका गावात हाडांकडून असे प्रश्न विचारले गेलेत. त्याची गोष्ट सांगायच्या आधी हे जमतं कसं ते बघू.

वेळ अमावास्येचं ताट

लातूर, नांदेड, धाराशिव भागात वेळ अमावास्येला शेतात काय जेवण असतं हे वेगळं सांगायला नको. आंबील, जवारीचे आणि बाजरीचे उंडे, तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, गव्हाची खीर, त्यात गूळ. शास्त्रज्ञाच्या नजरेनं बघितलं तर या एका ताटात वनस्पतींच्या दोन जाती शेजारी शेजारी वाढलेल्या असतात.

झाडं हवेतून कार्बन घेतात. हा कार्बन सगळा एकसारखा नसतो. शंभरातला जवळपास ९९ भाग हलका असतो आणि साधारण एक भाग जरा जड. रासायनिक गुण तोच, फक्त वजनात फरक. याला समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. आता आडतीवर दोन खरेदीदार आहेत असं समजा. एकजण माल चाळून, निवडून घेतो. दुसरा आला तसा ढीग उचलतो. गहू, तांदूळ, तूर, हरभरा, मूग, सोयाबीन, कापूस ही पहिल्या खरेदीदारासारखी झाडं आहेत, जड कार्बन बराचसा मागं सोडतात. जवारी, बाजरी, मका, ऊस ही दुसऱ्यासारखी. कडक उन्हात तग धरायला त्यांच्या पानात कार्बन पकडून कोंडून ठेवायची वेगळी व्यवस्था असते, त्यामुळं जड कार्बन जास्त आत राहतो. पहिल्या गटाला सी-थ्री आणि दुसऱ्याला सी-फोर म्हणतात. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पण जवारीचा गट वेगळा आणि गहू-डाळीचा गट वेगळा एवढं ध्यानात ठेवा.

मोजमापाच्या भाषेत सांगायचं तर एका ठरावीक प्रमाणापेक्षा सी-थ्री पिकांत जड कार्बन हजारामागं साधारण २६ नं कमी भरतो, सी-फोर पिकांत साधारण १२ नंच कमी. फरक डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, पण मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र तो अचूक पकडतं. आणि आपण जे खातो त्याचंच हाड होतं. आयुष्यभर गहू-तांदूळच खाल्लेल्या माणसाच्या हाडातल्या प्रथिनाचा आकडा उणे २१ च्या आसपास येतो, नुसत्या मका-जवारीवर जगलेल्याचा उणे ७ च्या आसपास. दोन्ही खाणाऱ्याचा मधे कुठंतरी.

हीच युक्ती मधाची भेसळ पकडायलाही वापरतात. मध फुलांचा, आणि मधमाश्या जातात ती बहुतेक फुलं सी-थ्री झाडांची. त्यात उसाच्या साखरेचा पाक मिसळला की कार्बनचा आकडा लगेच सरकतो.

हाड जिवंत असतं

हाड म्हणजे घराची तुळई नव्हे, एकदा बसवली आणि झालं. जिवंत माणसाचं हाड सतत थोडं थोडं झिजतं आणि नव्यानं भरतं. मांडीचं हाड पुरतं बदलायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. म्हणून हाडातून त्या माणसाच्या शेवटच्या बऱ्याच वर्षांच्या जेवणाची सरासरी कळते. काल काय खाल्लं ते नाही. दाताचं वरचं कवच मात्र लहानपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. त्यात बालपण साठवलेलं असतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा केसात अलीकडच्या महिन्यांचा हिशेब मिळतो. एकाच माणसाचे दात आणि हाड मिळाले तर तो लहानपणी काय खायचा आणि मोठेपणी काय, दोन्ही कळतं.

कार्बननंतर नंबर लागतो नायट्रोजनचा. याचाही हलका आणि जड प्रकार असतो. गवत खाणाऱ्या शेळीत जड नायट्रोजन गवतापेक्षा जास्त, शेळी खाणाऱ्या माणसात त्याहून जास्त. खाण्याच्या साखळीत एक पायरी वर गेलं की हजारामागं ३ ते ४ नं आकडा वाढतो. अंगावर पिणारं लेकरू तर आईचं दूध म्हणजे एका अर्थानं आईच खात असतं, म्हणून त्याचा आकडा आईपेक्षा एक पायरी वर असतो. दूध सुटून भाकर-वरण सुरू झालं की तो हळूहळू खाली येतो. वेगवेगळ्या वयाच्या मुलांची हाडं मोजली की त्या गावात लेकरांचं दूध साधारण कधी तोडायचे हे कळतं. ज्यानं पहिल्यांदा ही गोष्ट ओळखली त्याच्या डोक्याला दाद द्यावी वाटते.

डाळीचा एक गुण इथं आडवा येतो. हरभरा, तूर, सोयाबीन उपटलं की मुळांना गाठी दिसतात. या गाठींमुळं झाड हवेतला नायट्रोजन घेतं, त्यामुळं डाळींचा नायट्रोजनचा आकडा कमी असतो. उलट शेणखत भरपूर टाकलेल्या रानातल्या धान्याचा आकडा चढतो. म्हणजे आकडा चढला की लगेच 'हा माणूस मटण खायचा' असं म्हणता येत नाही, कदाचित त्याच्या रानात खत जास्त पडत असेल.

कार्बनचीही अशीच गंमत. आपल्या माळावरची कुसळी, हरळी, बांधावरचा कुंदा ही सगळी गवतं जवारीच्या गटातली. गायी-म्हशी ती खातात, वर कडबाही जवारीचाच. त्यांच्या दुधात, मांसात तोच जड कार्बन उतरतो. तेव्हा जवारी कधी न खाल्लेल्या पण दूध-दुभतं भरपूर खाणाऱ्या माणसाचं हाडही थोडं जवारीकडं झुकलेलं दिसेल. म्हणून नुसत्या हाडावर कुणी निकाल देत नाही. सोबत त्या जागी सापडलेले जळके दाणे, जनावरांची हाडं, मडक्यांना चिकटलेले अंश सगळं जुळवून बघावं लागतं.

जगात या पद्धतीचा बोलबाला झाला तो मक्यामुळं. १९७७ साली जॉन फोगेल आणि निकोलास व्हॅन डर मर्व या दोघांनी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क भागातली जुनी माणसांची हाडं मोजली. तिथली रानटी झाडं बहुतेक सी-थ्री आणि मका सी-फोर. त्यामुळं लोक मका खायला लागले तो काळ हाडांतच दिसून आला.

घोड नदीकाठचं इनामगाव

आता आपल्या महाराष्ट्राकडं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली. एक अख्खं जुनं शेतकऱ्यांचं गाव वर आलं, साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातलं. शंभराहून जास्त घरं, धान्याच्या पेवा-कणग्या, चुली, कुंभाराची भट्टी, पुराचं पाणी वळवायला घातलेला बांध आणि पाट. तांबं वापरणारी पण लोखंड माहीत नसलेली ही माणसं. अशाच लोकांच्या वस्त्या गोदावरी खोऱ्यात नेवासा, दायमाबाद आणि पैठणजवळ आपेगाव इथंही सापडल्या आहेत. नांदेडला घाटावर उभं राहिलं की समोरून वाहते ती हीच नदी.

इनामगावचे लोक आपल्या माणसांना गावाबाहेर नाही, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लहान लेकरू गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात त्याला निजवायचं. मोठ्या माणसाला सरळ झोपवायचे, पण पायाचे पंजे तोडून. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून असेल, असा तज्ज्ञांचा कयास आहे. कारण काहीही असो, या रीतीमुळं दोनशेहून जास्त माणसांचे अवशेष जागेवर राहिले. त्यात मोठा भाग लहान मुलांचा आहे.

ते काय खात होते? मुकुंद काजळे यांनी जळक्या दाण्यांचा अभ्यास केला. मुख्य पीक होतं जव, म्हणजे सातू. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, आणि बोरं. ज्या भाकरीला आपण पिढ्यानपिढ्यांची म्हणतो तिचं धान्य, जवारी, मुळात आफ्रिकेतून आलेलं आहे. बाजरीही तिकडचीच. इनामगावकरांचं पोट मुख्यतः जवावर चालायचं.

इसवी सन पूर्व १००० च्या सुमारास तिथं काहीतरी बिघडलं. मोठी चौकोनी घरं कमी झाली, छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर भर वाढला. ढवळीकरांचं म्हणणं होतं की पाऊसमान कमी झालं, कोरडे दिवस आले आणि शेतकरी गाव हळूहळू मेंढपाळांसारखं फिरतं झालं. शेवटी ७०० च्या आसपास गाव ओस पडलं. हे वाचताना लातूरच्या माणसाला २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवणारच.

हाडांचं रसायन तपासलं गेलं ते याच ठिकाणी. विश्वास गोगटे आणि अनुपमा क्षीरसागर यांनी इनामगावच्या माणसांच्या हाडांतली स्ट्रॉन्शियमसारखी सूक्ष्म मूलद्रव्यं मोजली. १९८८ मध्ये छापलेल्या उत्खननाच्या अहवालात हे काम आहे. यामागचा हिशेब आयसोटोपपेक्षा वेगळा. स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा भाऊबंद. झाडपाल्यात, धान्यात तो कॅल्शियमच्या मानानं जास्त असतो. जनावराचं शरीर त्याला बऱ्यापैकी गाळून टाकतं, म्हणून मांसात कमी. जास्त धान्य खाणाऱ्याच्या हाडात तो जास्त, जास्त मांस खाणाऱ्याच्या हाडात कमी. आधीच्या सुबत्तेच्या काळातली आणि नंतरच्या कोरड्या काळातली माणसं एकमेकांशेजारी ठेवून बघणं हा या कामाचा उपयोग. जळके दाणे, जनावरांची हाडं आणि माणसांची हाडं अशा सगळ्या अभ्यासांतून चित्र उभं राहिलं ते असं की पुढच्या काळात धान्याचा आधार कमी आणि जनावरांचा जास्त झाला.

मूलद्रव्यांच्या या पद्धतीची एक कमजोरी नंतर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. हाड मातीत पडलं की मातीतली द्रव्यं त्यात मुरतात. मग आपण माणूस मोजतोय की माती, हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळं आता भर आयसोटोपवर आणि दाताच्या कवचावर आहे. कवच फार घट्ट असतं, माती सहजासहजी आत शिरत नाही. आपल्यासारख्या उष्ण मुलखात हाडातलं प्रथिन, कोलॅजेन, लवकर नासतं, आणि दात तेवढे टिकतात.

लेकरं सुखात होती की हाल झाले?

गाव कोरडं पडल्यावर लेकरांचं काय झालं, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खरी वाटते. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी मुलांचे दुधाचे दात तपासले. सुळ्यावर एक विशिष्ट खळगा असतो, लेकरू पोटात असताना किंवा जन्मल्यावर लगेच आबाळ झाली की पडणारा. नंतरच्या काळातल्या मुलांत हे खळगे कमी दिसले. म्हणजे शेती सुटून मिश्र खाणं आलं ते कदाचित बाधलं नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची लांबी आणि जाडी मोजून २०११ साली पुस्तक लिहिलं. त्यांना नंतरच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. दात एक सांगतात, हाडं दुसरं.

कदाचित दोन्ही खरं असेल. जन्माच्या वेळी आई बऱ्या स्थितीत, पण दूध सुटल्यावर लेकराला पुरेसं मिळत नव्हतं. असं आपल्याकडंही होतंच की. अंगणवाडीत वजनाचा तक्ता भरणाऱ्या ताईंना विचारा, सहा महिन्यांपर्यंत नीट असलेलं लेकरू वरचं खाणं सुरू होताना कसं मागं पडतं.

आपली हाडं काय सांगतील?

आज साठी-सत्तरीत असलेली आपली माणसं लहानपणी जवारीची भाकर खाऊन वाढली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो मिळाली. मिलोचं नाव काढलं की अजूनही कुणी तोंड वाकडं करतं. पण मिलो ही जवारीच. हाडाला मालदांडी आणि मिलो यातला फरक कळत नाही, दोन्हीचा कार्बन एकाच जातीचा. नंतर रेशनचा गहू-तांदूळ आला, चपाती रोजची झाली, रानात जवारीच्या जागी सोयाबीन उभं राहिलं. नियम लावला तर अशा आजोबांच्या दातात जवारी सापडेल आणि हाडात गहू-तांदूळ चढत गेलेला दिसेल. नातवाच्या दातातच गहू. उद्या दोन हजार वर्षांनी कुणी उकरून बघितलं तर मराठवाड्यात याच सुमाराला काहीतरी मोठं बदललं हे त्याला कागदपत्रांशिवाय कळेल. अर्थात आपल्याकडं बरेच लोक दहन करतात आणि जळलेल्या हाडात कोलॅजेन उरत नाही. म्हणून ज्यांच्यात दफनाची रीत आहे त्यांचाच हिशेब मागं राहील.

मांजरेच्या काठाला आणि तुमच्या पांढरीत

जुनी हाडं काही पुण्याकडंच नाहीत. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठाला हरवाडी, वांगदरी या भागात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती, रानबैल अशा जनावरांची दगड होत आलेली हाडं मिळाली आहेत. ती माणसाच्या शेतीच्याही फार आधीची. अशा जनावरांच्या दाताच्या कवचावरूनही तेव्हा इथं गवताळ माळ होता की झाडी, हे वर सांगितलेल्या कार्बनच्याच हिशेबानं काढता येतं. माळावरचं गवत एका गटातलं, झाडपाला दुसऱ्या.

तेव्हा तुमच्या शिवारात विहीर खोदताना, नदीची दरड कोसळल्यावर किंवा पांढरीची माती भरताना हाडं दिसली तर काय करायचं?

आधी मशीन थांबवा. माणसाची हाडं वाटत असतील तर पोलीस पाटील आणि ठाण्याला कळवणं भागच आहे, कारण जुनी की नवी हे ठरवणं त्यांचं काम. जुनी निघाली तर तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाकडं जाता येतं. जमीन जाईल या भीतीनं बरेचजण गप्प बसतात. भीती समजण्यासारखी आहे, पण गप्प बसण्यात ती जागा कायमची जाते.

उकरून बाहेर काढू नका. हाड कोणत्या थरात, कोणत्या मडक्याशेजारी, कोणत्या दिशेला तोंड करून होतं यावरच त्याचा काळ ठरतो. ट्रॉलीतल्या हाडाला वयही नाही आणि गावही नाही. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, आणि लोकेशन चालू ठेवून. आधीच निखळून पडलेलं असेल तर धुवू नका, साबण तर नकोच, फेविकॉलनं चिकटवू नका, शेंदूर-तेल लावू नका. डिंकात आणि तेलात कार्बन असतो, तो मोजमापात मिसळतो. कोरड्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते.

दात दिसला तर तो आधी सांभाळा, मग तो लेकराचा दुधाचा दात का असेना. तपासणीला त्याच्या कवचाची चिमूटभर, काही मिलिग्रॅम पूड पुरते.